डिच म्हणजे नक्की काय काय? दहावीच्या पोरांना शिकवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातला, गावातल्या मराठी माध्यमाच्या पोरांना संध्याकाळी इंग्लिश शिकवतो. यंदा एसएसएलसीची बॅच आहे आणि सध्या गाडी डिच या शब्दावर अडलीय. नाम म्हणून काही अडचण नाही, भातातलं जादा पाणी काढायला बांधाच्या कडेनं चर मारतात ते पोरांनी स्वतः केलंय, फावड्यानं चिखल उचलून कडेला ओढायचा आणि पाण्याला उतार द्यायचा, झाला डिच. पण एक मुलगी विचारालीय, सर, आई उद्योग खात्रीत, म्हणजे रोजगार हमीच्या कामावर, डोंगराकडं चर मारायला जाते त्याला सगळे ट्रेंच म्हणतात, मग दोन्ही एकच काय?

माझ्या मते, डिच पाणी वाहून न्यायला आणि ट्रेंच म्हणजे अरुंद, खोल खणलेला चर, पाइप-केबल टाकायला नाहीतर सैनिकांच्या आडोशाला. डोंगरावरच्या समतल चरात पाणी वाहून जाऊ द्यायचं नसतं, अडवून जिरवायचं असतं, त्यामुळं तिथं ट्रेंचच बरोबर बसतं. हे ठीक आहे ना?

खरी अडचण क्रियापदाची. 'ही डिच्ड द प्लॅन' म्हणजे त्यानं बेत सोडून दिला. पण २००९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला पक्षी आदळून दोन्ही इंजिनं बंद पडली आणि पायलटनं विमान हडसन नदीत उतरवलं, आतले १५५ च्या १५५ वाचले, त्यालाही डिचिंगच म्हणतात. तिथं कुणी काय सोडलं? आणि लास्ट-डिच एफर्ट मधला डिच कुठला? डिक्शनरीत अर्थ एकाखाली एक दिलेत, पण एकातनं दुसरा कसा निघाला ते कळल्याशिवाय पोरांच्या डोक्यात राहत नाही ओ, आणि पुढं पीयूसीला (अकरावी-बारावीला) बेळगावात गेल्यावर सगळं एकदम इंग्लिशमधनंच येतं, म्हणून आत्ताच पक्कं करून घ्यायचंय.

प्रतिसाद –
सर, ट्रेंचचं बरोबर आहे. क्रियापद असं सांगून बघा: आधी चर खणणे, मग चरात ढकलणे. अमेरिकेत रेल्वे रुळावरनं घसरून कडेला गेली तरी डिच्ड म्हणायचे. कडेला टाकलं म्हणजे सोडलं, तिथनं बेत सोडणे, माणसाला वाऱ्यावर सोडणे हे अर्थ आले. विमान नाइलाजानं पाण्यात टाकायचं ते डिचिंग, पण ते पायलटनं ठरवून केलेलं पाहिजे, नुसतं पाण्यात कोसळलं तर त्याला डिचिंग म्हणत नाहीत. लास्ट-डिच लढाईतलं आहे, शेवटचा खंदक, त्याच्यामागं मग काहीच नाही. १६७२ मध्ये फ्रान्सनं हॉलंडवर स्वारी केली तेव्हा ऑरेंजचा विल्यम म्हणाला की मी शेवटच्या खंदकात मरेन पण देश बुडालेला बघणार नाही, असं सांगतात. आणि सोडून देणे या अर्थानं डिच बोलण्यातला शब्द आहे, पेपरात अबॅन्डन नाहीतर गिव्ह अप लिहायला सांगा. लास्ट-डिच मात्र बिनधास्त लिहू दे.

धागाकर्ता –
लई उपकार झाले बघा. रेल्वेवरनं सांगितलं की पोरांना लगेच पटेल, खानापूर स्टेशन सगळ्यांनी बघितलंय. अजून एकच, बेळगावच्या किल्ल्याभोवतीचा खंदक मोट की डिच?

प्रतिसाद –
दोन्ही चालतं. किल्ल्याभोवती, त्यातनं पाणी भरलेला असला की मोट, कोरडा असला तरी डिच म्हणता येतं.