सोयाबीनच्या हिरव्या शेंगा खायच्या आहेत, मदत हवी आहे

मंडळी, जपानहून आलेल्या दाजींनी एदामामेची चटक लावून दिली. सोयाबीनच्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात पाचेक मिनिटं उकळायच्या, दाणे दातांनी ओढून खायचे, टरफल टाकून द्यायचं. आमच्याकडे शेतात जेएस ३३५ हे सोयाबीनचं वाण उभंच आहे; शेंगा भरल्यात, अजून पिवळ्या पडल्या नाहीत. पण हे तेलाचं वाण, दाणा बारीक. असे खाल्लेत का कुणी? उग्र वास जातो का? (कच्चे खायचे नसतात, एवढं ठाऊक आहे.) रांचीच्या संशोधन केंद्राचं 'स्वर्ण वसुंधरा' हे भाजीचं वाण मराठवाड्यात कुणी लावलंय का, बी कुठे मिळेल? दुकानात 'हिरवं सोयाबीन' मागितलं की सोया चंक्सचं पाकीट पुढे येतं! आणि मुख्य म्हणजे, फवारणीनंतर किती दिवसांनी शेंगा तोडाव्यात? घरात लहान लेकरं आहेत.