सुरू उसात ट्रायकोकार्ड लावूनही पोंगे मरतायत, काय करू?

ऊस_शिरोळ:
को ८६०३२ जातीचा ऊस, सुरू (जानेवारी-फेब्रुवारीतली) लागण, ४५ दिवस झाले. खोडकिडीसाठी १० दिवसांच्या अंतराने दोनदा ट्रायकोकार्ड (खोडकिडीची अंडी मारणारा ट्रायकोग्रामा कीटक ज्यांतून निघतो, ती अंडी चिकटवलेलं कार्ड) लावलं, एकरी एक. पोंगे (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं) मरायचे थांबत नाहीत आणि कार्डातून काही बाहेर पडलेलंही दिसत नाही. कार्ड वाढवू की फवारणी घेऊ?

कीडमित्र:
दादा, फवारणी नको. ट्रायकोग्रामा फक्त पतंगाच्या अंड्यात आपली अंडी घालतो. पोंग्यात शिरलेल्या अळीचं तो काहीच करू शकत नाही. आज वाळलेले पोंगे आधीच उबलेल्या अंड्यांचे आहेत, त्यावरून कार्डाचा निकाल लावू नका. अंडी शोधा: पानाच्या खालच्या बाजूला, खवल्यांसारखी एकावर एक चढलेली पांढरट अंडी ओळीत दिसतील. अंडं पूर्ण काळं असेल तर काम झालंय. आत एकच काळा ठिपका असेल तर ते अळीचं डोकं, ती एक-दोन दिवसांत बाहेर पडणार. फरक बघायला भिंग लागेल.

कीटक जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, उडताना दिसणारच नाही. कार्ड तपासायचं तर एक पट्टी काचेच्या बाटलीत घालून तोंडाला कापूस लावा, सावलीत ठेवा. तीन-चार दिवसांनी बहुतेक काळ्या अंड्यांना भोकं पडलेली हवीत. काळी असून भोकं नसतील तर कीटक आतच मेले. बहुधा वाहतुकीत गाडीत तापून. अंडी पांढरट, सुरकुतलेली असतील तर कार्ड मुळातच नीट तयार झालेलं नाही.

पाचटवाले:
हेक्टरी ५०,००० कीटक ही शिफारस धरली तर एकरी २०,००० होतात, म्हणजे एक कार्ड. प्रमाण बरोबर आहे, मांडणी बघा. कीटक फार लांब जात नाही. कार्डाच्या २० पट्ट्या एकरभर लावल्या तर दोन पट्ट्यांत १४ मीटर अंतर पडतं. प्रत्येकीचे दोन तुकडे करून ४० जागी, १० मीटरवर लावा. संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला, अंडी जमिनीकडे करून टाचायचं. कीटक बाहेर पडायच्या आदल्या दिवशी लावलेलं उत्तम. चार दिवस आधी लावलं की मुंग्याच खातात. मार्च-एप्रिलच्या उन्हात निकाल उतरतोच, म्हणून आधी पाणी देऊन मग सोडा.

ऊस_शिरोळ:
मुंग्या भरपूर आहेत. आणि आत शिरलेल्या अळीचं काय?

पाचटवाले:
बांबूची काडी रोवून खालच्या भागाला ग्रीस लावा, वर कागदी कप उलटा बसवून पट्टी आत टाचा. पावसाचा शिंतोडा आला तरी वाचते.

कीडमित्र:
मेलेले पोंगे जमिनीलगत कापून अळीसह नष्ट करा, लगेच बाळबांधणी (बुडाला थोडी माती चढवणं) घ्या. प्रादुर्भाव जास्तच असेल तर क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदार, एकरी ७.५ किलो, ओलाव्यावर बुडाशी देऊन मातीआड करा. ते मातीत राहतं, पानावरच्या कीटकांना फवाऱ्याइतका धोका नाही. पानांवर फवारा मारलात तर मात्र पुढचं कार्ड फुकट जाईल. कांडी सुटेपर्यंत दर १० दिवसांनी कार्ड चालू ठेवा, कारण पतंग एकदाच अंडी घालून थांबत नाहीत आणि हा कीटक जेमतेम काही दिवसच जगतो. ईएसबी ल्युअरचे (खोडकिडीच्या पतंगांना ओढणारं गंधाचं आमिष) दोन-तीन कामगंध सापळे लावा. पतंग वाढलेले दिसले की पुढचं कार्ड दोन-तीन दिवस अलीकडे घ्या.