सैतान देवाच्या तोडीचा नाही

कुणीतरी लिहिलंय की ख्रिस्ती धर्मात देव आणि सैतान हे दोन तुल्यबळ मल्ल आहेत आणि माणूस म्हणजे त्यांचा आखाडा. हे मला पटत नाही. असं मानणारा होता तो मानी नावाच्या धर्मसंस्थापकाचा पंथ: प्रकाश आणि अंधार, दोन्ही अनादी. संत ऑगस्टीन (जन्म ३५४, आजच्या अल्जीरियात) तरुणपणी सुमारे नऊ वर्षं त्याच पंथात होते. पुढे तो सोडून त्यांनी ३८७ साली मिलानमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचं म्हणणं, वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही. डोळ्यातली दृष्टी जावी, तसा तो चांगल्याचा अभाव. सैतानसुद्धा देवानेच घडवलेला, चांगला असून बिघडलेला देवदूत.

त्यांची पेअरची गोष्ट मला फार भिडते. सोळाव्या वर्षी मित्रांसोबत रात्री झाड हलवून ओझंभर पेअर चोरले. भूक नव्हती, घरची फळं त्याहून चांगली होती. बहुतेक डुकरांपुढे फेकले. चोरायचे म्हणून चोरले! पुढे बिशप झालेल्या ऑगस्टीनना चाळिशी ओलांडल्यावरही ते सलत होतं, आणि त्याचं खापर त्यांनी सैतानावर फोडलं नाही.

आमच्या वसईत ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले दिवे मालवतात. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्तीवरून ज्योत हातोहात मागच्या बाकापर्यंत येते, बोटांवर गरम मेण गळतं. मग फादर विचारतात, सैतानाचा त्याग करता का? "करतो" म्हणताना दरवर्षी मला माझे स्वतःचेच पेअर आठवतात.