'राझी'तली सून आधी की हेर आधी?

मांजराकाठ

मोंढाशेठनी काल इथं 'राझी' ह्या २०१८च्या हिंदी सिनेमावर लिहिलं, "राझी म्हणजे पाकिस्तानी सासर किती गोड असतं याची सव्वादोन तासांची जाहिरात. हेर प्रेमात पडत नसतो, अन् पडला तर तो हेर नसतो. शेवटी ती बाई रडते कुणासाठी? शत्रूसाठी. ह्याला देशभक्तीचा सिनेमा म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार."

नमस्कार पोचला. आता माझं ऐका. दोन ओळी लिहून झोपणार होते, पण झोपच उडाली.

पुरुष माणसं सिनेमा बघताना बंदूक कुठं आहे ते बघतात. मी बघत होते ती पोर त्या घरात कुठं उभी राहते ते. काश्मिरी मुलगी सेहमत, कॉलेजात शिकणारी. आजारी बापाच्या शब्दाखातर भारताची हेर बनून पाकिस्तानी फौजी अधिकाऱ्याशी निकाह लावून ब्रिगेडियरच्या घरात नांदायला जाते. गेल्या गेल्या काय करते? कोण किती वाजता बाहेर पडतं, कुठली खोली बंद असते, कुणाचा शब्द चालतो, जुना नोकर अब्दुल आपल्याकडं वाकडं का बघतो, हे हेरते. अहो, हे शिकवायला गुप्तहेर खातं कशाला लागतं? मी औश्याहून केजला सून म्हणून आले. महिन्याभरात मला ठाऊक होतं की सासूबाई तुरीच्या डाळीच्या डब्याखाली पैसे ठेवतात, सासरे चहा दोनदा घेतात पण सांगतात एकदा, आणि मोठ्या जाऊबाईंना माहेरून आलेलं पत्र आधी कुणीतरी वाफेवर धरून उघडतं. दाराआड ऐकायचं आणि आत जाताना काहीच ऐकलं नाही असा चेहरा करायचा. पहिलं वर्षभर मी हेरच होते की! आणि त्याच वर्षात, त्याच घरात नवऱ्यावर जीवही जडला. तुम्हाला हे अशक्य वाटतं, कारण तुम्ही कधी दुसऱ्याच्या घरी नांदायला गेला नाहीत. तुम्हाला बाशिंग बांधून परत आपल्याच घरी यायचं असतं.

आणि ती काम सोडून रडत बसत नाही. त्या नोकराला जीपखाली घालते. मोठ्या दिराला विषारी छत्रीनं संपवते. बातमी पोचवते. सगळं झाल्यावर कोसळते. कामात कसूर कुठं झाली ते दाखवा, मग रडण्याचा हिशोब मागा.

मोंढा

ताई, लिहिलंय झकास. पण डाळीच्या डब्याखालचे पैसे हुडकणं अन् आपल्या विक्रांत ह्या विमानवाहू जहाजावरच्या हल्ल्याचा बेत हुडकणं, यात थोडा फरक हाय.

माझं पहिलं दुखणं न्हाणीघराचं. घर सगळं फौजी, अन् सून न्हाणीघरात बसून टकटक टकटक मोर्सच्या ठोक्यांत बातमी पाठवायली. आमच्या घरी पोरगा मोबाईल घेऊन संडासात गेला तर बाहेर ओसरीवर आजोबाला कळतं. ब्रिगेडियरला कळंना? दुसरं, ट्रेनिंग. माझ्या आडतीवर मापाडी तयार व्हायला दोन हंगाम जातात, इथं एका गाण्याच्या मापात हेर तयार. तिसरा तो इक्बाल. लग्नाच्या बायकोला वेगळं झोपू देतो, तिला आवडतं म्हणून गाण्याच्या रेकॉर्डी आणून देतो. असा नवरा परभणीत मिळंना, हिला सरहद्दीपल्याड मिळाला! जगात जर्मनी, भारतात परभणी, अन् नवरा पाकिस्तानात, असं म्हणावं का आता?

दोन तिकीट

'राझी' नव्हे. मूळ उच्चार 'राज़ी'. मराठीत साधं 'राजी' लिहा, 'झ' कुठून आला?

मोंढा

नुक्ता लावल्यानं सोयाबीनला भाव वाढून मिळतो का? मिळत असंल तर लावतो.

बसस्टँडमागं

मला एक सांगा, तुम्ही सगळ्यांनी हा टीव्हीवर बघितलाय ना? मग बघितलाच नाही. दर दहा मिनिटांनी जाहिरात. आमच्या गावातल्या टॉकीजचं २०१८च्या आधीच मंगल कार्यालय झालं. जिथं पडदा होता तिथं आता नवरा-नवरीच्या खुर्च्या. ती निकाह लावून सरहद्द ओलांडते तिथंच फिनाईलची जाहिरात आली आणि माझ्या बायकोनं चहा टाकला. कसला ताण आणि कसली हेरगिरी.

नांगर टाकलेला

नौदलात पंधरा वर्षं काढली, आता गेवराईकडं कापूस लावतो. नावातला नांगर दोन्हीकडचा.

राझीत दाखवलंय की सेहमतच्या बातमीमुळं पाकिस्तानच्या गाझी पाणबुडीचा बेत आपल्याला कळला. आता जे नोंदलं गेलंय ते ऐका. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळं तिचा वेग कमी. तिला पूर्व किनाऱ्यावरून अंदमानाच्या बाजूला हलवून लपवलं. आणि विशाखापट्टणममध्ये राजपूत नावाच्या जुन्या विनाशिकेला विक्रांतचं सोंग दिलं. वायरलेसवर मोठ्या जहाजाला शोभेल इतकी बडबड करायची, बंदरात मोठ्या जहाजाला लागेल इतक्या शिध्याची मागणी नोंदवायची, म्हणजे गावात बोभाटा होतो. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. गाझी त्या आमिषाला विशाखापट्टणमपर्यंत आली आणि ३-४ डिसेंबर १९७१च्या रात्री बुडाली. आपण म्हणतो राजपूतनं टाकलेल्या डेप्थ चार्जनी, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बनी, पाकिस्तान म्हणतं आतल्या आत स्फोट झाला. तो वाद अजून आहे.

तेव्हा मोंढाशेठ, एका सुनेनं युद्ध जिंकलं हे खरं नाही, एवढं तुमचं मान्य. पण जिनं खरंच बातमी आणली असेल तिचं नाव कुठल्या कागदावर येणार आहे? सेहमत हे नावसुद्धा कादंबरीतलं आहे.

मोंढा

बघा! नेव्हीवाल्यानं सांगितलं. कांदा-बटाट्याची ऑर्डर देऊन पाणबुडी गळाला लावली. हा सिनेमा काढा की! ह्यात मोंढा हाय, माल हाय, तिकीट काढून बघतो.

अन् माझा खरा राग सांगू का? सिनेमा काढायचा म्हटलं की कश्मीर, पंजाब, दिल्ली. आमच्या मराठवाड्याला स्वातंत्र्य मिळालं १७ सप्टेंबर १९४८ला, देशाच्या तेरा महिने मागून. त्या तेरा महिन्यांत इथं काय कमी हेरगिरी झाली? सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीची विमानं भरून निजामासाठी हत्यारं आणायचा, बीदरला उतरवायचा. जानेवारी ४८ मध्ये आपल्या लोकांनी उमरीची बँक लुटली अन् पैसा लढ्यात घातला. बदनापुराकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हातबॉम्ब घेऊन निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकाराच्या अंगावर गेल्या. पुस्तकात किती? माझ्या पोराच्या इतिहासात मला दोन ओळी सापडल्या, त्यातली एक चित्राखाली.

आमच्या आजीचंच सांगतो. माहेर कळंबच्या अंगाला, पल्याड बार्शीकडं आपल्या लोकांचे कॅम्प. मधी निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. आजी सोळाची. डोक्यावर शेणाची पाटी, चिठ्ठी शेणात. नाक्यावरचे शिपाई बिगारीच्या बाईला तपासतील, पण ताज्या शेणात हात कोण घालतंय? गस्त कुठल्या वाटंनं जाणार हे आजीला आधी ठाऊक असायचं, कारण नाक्यावरच्या जमादाराच्या बायकोशी तिची गट्टी. तिला ताक नेऊन द्यायची, बोलत बसायची, बातमी घेऊन यायची. हिला म्हणायचं हेर! गाणं नाही, रडणं नाही.

दोन तिकीट

मोंढाशेठ पहिल्यांदा कामाचं बोलले. ह्यावर सिनेमा यायलाच पाहिजे. रझाकारांनी काय केलं ते आजच्या पोरांना कळू द्या. अब्दुल-इक्बालचे लाड पुरे.

हिमरू

मी फक्त वाचत होतो. आता राहवत नाही.

काढा सिनेमा. पण १७ सप्टेंबरला संपवू नका. १८ तारखेपासून पुढचंही दाखवा. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीला दिल्लीच्या सरकारनंच पाठवलं होतं, कुणा पाकिस्तानानं नाही. पोलिस अ‍ॅक्शनच्या, म्हणजे दिल्लीची फौज निजामाच्या राज्यात शिरली त्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत असा त्यांचा अंदाज, आणि सर्वांत जास्त झळ लागली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. तो अहवाल कित्येक दशकं कुणाला बघू दिला नाही. माझ्या नानीच्या घरात त्या आठवड्यानंतर एकही पुरुष उरला नव्हता. तिचा बाप पिंजारी होता. गाद्या भरायचा. रझाकाराचा गणवेश शिवायलाही त्याच्याकडं पैसे नव्हते.

दोन तिकीट

आलं का लगेच! रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, तेव्हा ही आकडेवारी कुठं असते? त्यांचा म्होरक्या कासीम रझवी काय आकाशातून पडला होता?

हिमरू

नाही, लातूरचा वकील होता. आणि हैदराबादेत त्याच्या विरोधात लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान होता, त्याला रझाकारांनी ऑगस्ट ४८ मध्ये भर रस्त्यात मारलं. तो कुठल्या बाजूचा धरता? रझवी तुरुंग भोगून पाकिस्तानात गेला. माझी नानी इथंच राहिली. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदनाला मी जातो, माझी पोरं जातात. लाडू घेतो आणि घरी येऊन तिच्यासमोर गप्प बसायचो. एवढंच.

दोन तिकीट

सिनेमाच्या चर्चेत इतिहासाचे वळसे नकोत असं माझं मत आहे.

बसस्टँडमागं

आत्ता? 'यायलाच पाहिजे' म्हणून वळसा तुम्हीच घेतलात की. मागं जाऊन वाचा.

मांजराकाठ

हिमरूभाई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. औश्याला माझ्या वडिलांच्या शेजारचं घर असंच रिकामं झालं होतं. वडील त्या घराच्या चिंचेच्या चिंचा कधी खायचे नाहीत. आम्हा पोरांना वाटायचं भूत आहे म्हणून.

मोंढाशेठ, आता तुम्ही. त्या जमादाराच्या बायकोचं पुढं काय झालं? आजी ताक घेऊन जायची, तिच्याजवळ बसायची, तिच्याच तोंडची बातमी तिच्याच नवऱ्यावर उलटायची. मग सप्टेंबर उजाडला. तिचं काय झालं?

मोंढा

मला काय ठाऊक.

मांजराकाठ

आजी कधी बोलली नाही?

नांगर टाकलेला

ताई, राहू द्या. माणूस दिवसभर आडतीवर असतो.

मोंढा

नांगरराव, मधी पडू नका. ताईला कामून वाटायलंय की मी पळून गेलो? काट्यावर होतो, दोन ट्रक उतरायचे होते.

आजी बोलली नाही. पण तिच्या देवळीत, कुंकवाच्या करंड्याशेजारी, एक पितळी सुरमादाणी होती. घरात कुणी सुरमा लावत नाही. लहानपणी मी ती फिरकीची काडी काढून खेळायचो तं आजीनं एकदा असा रट्टा दिला की दोन दिवस पाठ दुखली. आई म्हणायची, नाक्यावरच्या मैत्रिणीची हाय ती. नाका बंद झाल्यावर आजी तिकडं गेली होती म्हणं. दार उघडं, चुलीवर भांडं तसंच, माणूस कुणी नाही. ही तेवढी घेऊन आली. दर संक्रांतीला चिंचेनं घासायची. रडायची का ते मी बघितलं नाही.

तुम्ही आता म्हणणार की हीच राझी. म्हणा. माझ्या आजीनं कुणाला जीपखाली घातलं नव्हतं एवढं ध्यानात ठेवा.

मांजराकाठ

मी काहीच म्हणत नाही. सुरमादाणी आता कुठं आहे?

मोंढा

थोरल्या काकूकडं, सेलूला. वाटणीत भांडी तिकडं गेली. उद्या फोन लावतो. मोडीत घातली नसंल तं बरं.

हिमरू

मिळाली तर फोटो टाका, शेठ. माझ्या आईला दाखवायचाय. जुन्या सुरमादाण्यांवर कधीकधी नाव कोरलेलं असतं.

मोंढा

टाकतो. उर्दूत असंल तं तुम्हीच वाचा, आमच्या घरात उर्दू येणारा शेवटचा माणूस आजोबा होता.

दोन तिकीट

म्हणजे आता राझी चांगला सिनेमा ठरला का? एका भांड्यावरून?

मोंढा

कुणी सांगितलं? इक्बालसारखा नवरा नसतो, ट्रेनिंग तोकडं, गाझीचं श्रेय नेव्हीचं. रडण्याचं तेवढं मी मागं घेतो, तेही ताईंनी झोपमोड करून लिहिलं म्हणून. पण न्हाणीघरातली टकटक घरभर ऐकू जाते, ह्यावर मी आजबी ठाम हाय. ज्याला पटत नाही त्यानं रात्री न्हाणीघरात जाऊन बादलीवर टकटक करून बघावं.

बसस्टँडमागं

केलं. बायको उठली.