आधी चित्रे, मग संवाद

‘हौसेखातर वर्षभर कॉमिक्सची परीक्षणे लिहून हाती काय लागते?’ या आपल्या प्रश्नाला माझ्या अनुभवापुरते उत्तर देतो. वर्षाच्या सुरुवातीला मी कथानक सविस्तर सांगत असे आणि चित्रांची बोळवण शेवटच्या दोन ओळींत करत असे. ते लेखन पुन्हा वाचताना मला फार खटकले. तेव्हापासून प्रत्येक अंक आधी संवाद न वाचता, केवळ चित्रे पाहत चाळायचा, असा नेम केला.

१९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे काही मराठी अंक माझ्या संग्रही आहेत. त्यांतील वेताळाच्या, म्हणजे ‘फँटम’ या मूळ इंग्रजी चित्रकथेतल्या मुखवटाधारी नायकाच्या, कथांमध्ये संवादांचे फुगे मुळात इंग्रजी अक्षरांसाठी आखलेले असल्यामुळे कित्येक ठिकाणी वेलांट्या आणि मात्रा फुग्याच्या कडेला टेकलेल्या दिसतात. तेवढ्या जागेत बोलके मराठी वाक्य बसवणाऱ्या अनुवादकांविषयी लिहायला मला दोन आठवडे लागले, आणि यंदाच्या लेखनात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच लेख.

एक काम मात्र अपुरे राहिले. प्रताप मुळीक यांनी अमर चित्र कथेसाठीही चित्रे काढली आणि राज कॉमिक्सच्या नागराज या महानायकाचे अंकही रेखाटले. या दोन्हींतील त्यांची रेषा शेजारी ठेवून पाहायची आहे. आपल्याकडे असे जुने अंक असल्यास मुखपृष्ठांपेक्षा आतली पाने पाहायला मिळावीत, ही विनंती.