भोसरीत माणूस मिळेना, अभ्यासिकेत खुर्ची मिळेना

भोसरीचा प्रेसवाला

माझं भोसरी एमआयडीसीत छोटं प्रेसशॉप आहे, पत्रा दाबून सुटे भाग काढायचं. गाडीच्या सीटखालचे ब्रॅकेट, क्लॅम्प, असली कामं. 'प्रेस ऑपरेटर, सीएनसी ऑपरेटर, हेल्पर पाहिजेत' ही पाटी पावसाळ्यापासून गेटवर लटकतेय. विचारायला येतात ती यूपी, बिहार, ओडिशाची पोरं. आपली पोरं कुठे आहेत? नवी पेठेत, सदाशिव पेठेत, अभ्यासिकांमध्ये. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागा आणि अर्ज सतरा लाखांच्या पुढे. शंभरात एकाला मिळणार, नव्व्याण्णव जण वयाची तिशी तिथंच काढणार.

म्हणजे काम आहे, करणारा नाही. वर कायद्यानं आम्हाला असं बांधलं होतं की मोठं व्हायचीच भीती. शंभरच्या वर कामगार गेले की कपात करायला किंवा युनिट बंद करायला सरकारची परवानगी लागायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ती मर्यादा 300 वर गेली, तर लगेच 'कामगार देशोधडीला लागणार' म्हणून ओरड सुरू. मोठे कारखाने झालेच नाहीत तर नोकऱ्या आभाळातून पडणार आहेत का? सांगा कुणीतरी.

सेटर_चाकण

शेठ, पाटीवर पगार लिहिलाय का?

भोसरीचा प्रेसवाला

अनुभवाप्रमाणे.

सेटर_चाकण

मग अनुभवाचंच सांगतो.

आयटीआय केलं, ट्रेड टर्नर. चाकणला एका मोठ्या कंपनीत लागलो. लागलो म्हणजे कंपनीत नाही, कॉन्ट्रॅक्टरकडे. सात महिने झाले की ब्रेक. सातच का? वर्षात 240 दिवस भरले की कायदा सलग सेवा धरतो, मग काढताना नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते. म्हणून त्याच्या आत सुपरवायझर येऊन सांगतो, 'उद्यापासून येऊ नको, दोन महिन्यांनी फोन कर.' तो फोन कुणी उचलत नाही. मग दुसरा कॉन्ट्रॅक्टर, दुसरी कंपनी आणि परत हेल्परपासून सुरुवात.

व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, ऑफसेट द्यायला (टूलचं माप जुळवायला) शिकलो, टूल बदलायला शिकलो, पहिला पीस पास करून द्यायला शिकलो. म्हणजे सेटरचं काम. हे कुठल्या कागदावर आहे? कुठल्याच नाही. अनुभवाचं पत्र मिळतं ते कॉन्ट्रॅक्टरचं, त्यात कंपनीचं नावही नसतं आणि हुद्दा 'हेल्पर'. तुमच्यासारख्याकडे गेलो की तुम्ही तोच कागद वाचून पगार ठरवता.

पगारपत्रक बघा. पीएफचे बारा टक्के कट, ईएसआयचा पाऊण टक्का कट. इथपर्यंत तक्रार नाही, ते आमचेच पैसे. पण पुढे कॅन्टीन, बस, आणि एका ठिकाणी तर सेफ्टी शूजचे पैसेसुद्धा हप्त्याने. हातात पडतात त्यातून कॉट बेसिसचं भाडं, मेस आणि गावाकडे पाठवायचे. शेजारच्याच मशीनवर पर्मनंट दादा, काम तेच, प्रोग्रॅम तोच, पगार माझ्या तिप्पट-चौपट. त्याच्या शर्टाचा रंग वेगळा, माझा वेगळा, म्हणजे लांबूनच कळावं कुणाला काय बोलायचं ते.

आता सांगा, तलाठीचा फॉर्म भरणारा येडा आहे का?

नाना_पिंपरी

शर्टाचं अगदी खरं आहे. आमच्याकडे तर चहाची वेळसुद्धा वेगळी होती.

आकडेमोड

प्रेसवाले, भरतीचे तुमचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही.

कायद्यानं हात बांधले म्हणता, पण बांधलेल्या हातांनी काय केलं ते बघा. 2000 च्या सुमाराला संघटित कारखान्यांतल्या पाच कामगारांमागे एक कंत्राटी होता. 2022-23 च्या उद्योग पाहणीत पाचामागे दोन झाले. म्हणजे कायदा जुनाच होता आणि त्याला वळसा घालायची वाट केव्हाच हमरस्ता झाली होती. शंभराच्या मर्यादेमुळे माणूस काढता येत नाही हे मोठ्या कंपनीच्या पटावरच्या लोकांपुरतं खरं. सेटरला कोणी परवानगी मागून काढलं? राजस्थानने ही मर्यादा 2014 सालीच 300 केली. म्हणून सगळे कारखाने भिवाडीला पळाले असं काही झालेलं नाही. वीज, जमीन, बंदर, पुरवठादार, हे सगळं त्याहून जड पडतं.

दुसरं, बेरोजगारीचा दर. 2023-24 च्या सरकारी पाहणीत तो अवघा 3.2 टक्के निघाला. याचा अर्थ सगळ्यांना काम आहे असा नाही. गरीब माणसाला बेकार राहणं परवडत नाही एवढाच. घरच्या शेतात बिनपगारी खुरपणारा पोरगाही त्या हिशेबात कामावर असतो. निम्म्याच्या जवळपास लोक, 46 टक्के, अजून शेतीत आहेत आणि कारखानदारीत जेमतेम 11. खरी बेकारी शिकलेल्यांत दिसते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या अहवालात पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी 29.1 टक्के आहे आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली 3.4. ज्याच्या घरी दोन वर्षं थांबण्यापुरती भाकरी आहे तो थांबतो. नवी पेठेत बसलाय तो हाच.

भोसरीचा प्रेसवाला

आकडेमोड, तुम्ही कधी पगाराच्या सात तारखेला बँकेच्या मॅनेजरसमोर बसलायत का? मी बसतो.

माझं गिऱ्हाईक म्हणजे मोठी कंपनी. महिन्याच्या सुरुवातीला शेड्यूल देते, पंधरा तारखेला ते निम्म्यावर आणते. दरवर्षी वर 'दर कमी करा' म्हणून पत्र. स्टील वाढलं तर त्याचा फरक मिळायला तिमाही जाते. पैसे नव्वद दिवसांनी. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्या असा कायदा 2006 पासून आहे. आता तर उशीर केला तर तो खर्च आयकरात त्या वर्षी धरू देत नाहीत. कागदावर छान आहे, पण मी गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार केली की पुढचा टूल, म्हणजे साचा, दुसऱ्याच्या प्रेसवर चढला म्हणून समजा. अशात पंचवीस पोरं पर्मनंट ठेवायची कशाच्या जोरावर? शेड्यूल पडलं की त्यांना घरी बसवून पगार कुठून द्यायचा? सेटरचं दुःख मला कळतं. पण त्याची मोठी कंपनी आणि मी, आम्हाला एका दावणीला बांधू नका.

आणि पोरं शिकून निघून जातात त्याचं काय? दोन वर्षं डाय सेटिंग शिकवलं आणि हजार रुपयांसाठी शेजारच्या गाळ्यात गेला. असं झाल्यावर शिकवणार कोण?

लाल_बावटा_गिरणगाव

हजार रुपयांसाठी गेला, कारण तुम्ही ते हजार दिले नाहीत. गिऱ्हाईक तुम्हाला पिळतं आणि तुम्ही पोराला, यात पोराची चूक काय?

अहो, पर्मनंट नोकरी कुणी दान दिली नव्हती. 1969 चा माथाडी कायदा बघा. हमालाला ना एक मालक, ना ठरलेली वेळ. तरी मंडळ काढून त्याच्या नावावर मजुरी, भविष्य निर्वाह निधी, रजा जमा होऊ लागली. काम अस्थिर असलं तरी हक्क टिकवता येतात, हे याच महाराष्ट्रात करून दाखवलंय. तसं मंडळ चाकण-रांजणगावच्या कंत्राटी पोरांसाठी का नको? गाळा बदलला तरी पोराची सेवा चालू राहील. प्रेसवाल्यांचं शेड्यूल पडलं तर तोच पोरगा शेजारी जाईल आणि हेल्पर म्हणून नाही, सेटर म्हणून जाईल.

नाना_पिंपरी

बावटेसाहेब, कल्पना चांगली आहे, पण माथाडीच्या नावावर गेटवर उभे राहणारे कोण असतात ते चाकणमधल्या कुठल्याही कारखानदाराला विचारा. माल स्वतःच्या माणसांनी उतरवला तरी 'आमचे पैसे द्या'. सरकारलाही त्यावर बंदोबस्ताची भाषा करावी लागली. आणि 1982 च्या मुंबईच्या गिरणी संपाचा विषय काढत नाही, तुम्हाला लागेल. अडीच लाख माणसं बाहेर पडली, त्यातली किती परत आत गेली?

लाल_बावटा_गिरणगाव

काढा की. गिरण्या संपामुळे बुडाल्या हे मालकांनी छापून आणलेलं. यंत्रं चाळीस-चाळीस वर्षं बदलली नव्हती आणि जमिनीचे भाव दिसायला लागले होते. तुम्ही खंडणीखोराचं नाव घेऊन कायदा बदनाम करता. बनावट डॉक्टर निघाले म्हणून दवाखाने बंद करतो का आपण?

कांचन_इचलकरंजी

एवढं लिहिलंत सगळ्यांनी, त्यात 'पोरं', 'पोरगा', 'दादा'. बाई कुठेच नाही.

2017-18 मध्ये कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण 23 टक्के होतं, 2023-24 मध्ये 41.7 झालं. वा! पण वाढलं कशात? घरच्या शेतात, घरच्या धंद्यात, शिलाई मशीनवर. पगाराची स्लिप असलेल्या नोकरीत किती, ते तुम्हीच बघा. माझ्या ओळखीच्या बायका यंत्रमागाच्या गल्लीत कांड्या भरतात, पीसवर पैसे, नोंद कुठेच नाही.

बांगलादेशात कपड्यांच्या कारखान्यांत चाळीस लाखांच्या आसपास माणसं, त्यात बहुसंख्य बायका. आपल्याकडे कापूस, सूत, मागाचं कापड सगळं असून ते का झालं नाही? तर 2000 सालच्या आसपासपर्यंत आपण तयार कपडे लघुउद्योगासाठी राखून ठेवले होते. मोठा कारखाना काढायचा तर आडकाठ्या. तोवर बाकीचे पुढे गेले. म्हणून प्रेसवाल्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. हजार बायकांचा कारखाना निघायलाच हवा, पन्नास गाळ्यांत वीस-वीस नकोत. बसची सोय, पाळणाघर, वेळेवर पगार हे मोठ्याच ठिकाणी मागता येतं. छोट्या गाळ्यात संडासाची किल्ली मालकाच्या खिशात असते.

लाल_बावटा_गिरणगाव

कांचनताई, त्याच बांगलादेशात 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझा कोसळला. 1,134 माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतीला तडे दिसले होते, तरी सकाळी कामगारांना आत घातलं. तसल्या नोकऱ्या हव्यात?

कांचन_इचलकरंजी

काका, मला तसल्या नकोत. पण उन्हात दुसऱ्याच्या रानात भांगलणाऱ्या बाईसमोर तुम्ही हे बोललात तर ती म्हणेल, आधी कारखाना येऊ दे, भिंत मी तपासून घेते. त्या अपघातानंतर तिथं इमारतींच्या सुरक्षेचा करार झाला, तपासण्या झाल्या. कारखाना होता म्हणून सुधारता आला. आमच्याकडे सुधारायला आहे काय? नव्या संहितेत बाईला तिच्या संमतीने रात्रपाळी करता येईल म्हणे. संमती देईन, पण पहाटे दोनला दारापर्यंत सोडणार कोण?

गेवराईकर

मी तो नवी पेठेतला. म्हणजे होतो. आता गावी आहे.

प्रेसवाले, तुम्ही येडे म्हणा नाहीतर काही म्हणा. घरी अडीच एकर कोरडवाहू, दोघं भाऊ. आमच्या गल्लीतली निम्मी घरं दिवाळीनंतर उसाला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सहा महिने कोयता चालवून फेडायची. बापानं मला त्यातून बाहेर काढायला पुण्याला धाडलं. तुमच्या गेटवर आलो असतो तर हेल्पर झालो असतो, म्हणजे ऊस सोडून लोखंड. आणि लग्नाचं काय? आमच्याकडे मुलीचा बाप पहिलं विचारतो, सरकारी आहे का? दुसरं, कंपनीत पर्मनंट आहे का? कंत्राटीला तिसऱ्या प्रश्नाला उभंसुद्धा करत नाहीत. परीक्षा एका जागेसाठी शंभर जण देतात हे आम्हालाही दिसतं. पण तुमच्याकडे सात महिन्यांनंतर शंभरात एकही पर्मनंट होत नसेल, तर शंभरात एक बरा की.

2024 ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिन्याला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीला दहा. मी तालुक्याच्या एका कार्यालयात लागलो. काम काय, तर आवक-जावक रजिस्टर, दाखल्यांची टायपिंग, आणि साहेब नसताना लोकांना 'उद्या या' सांगणं. सहा महिन्यांचे पुढे अकरा झाले, मग संपलं. शिकलो काय, कुणी विचारू नका. आता आमचीच पोरं कायम करा म्हणून मोर्चे काढतात. सरकारनं कॉन्ट्रॅक्टरसारखंच केलं, फक्त शर्ट दिला नाही.

आकडेमोड

गेवराईकर, हे महत्त्वाचं आहे. सरकारच कंत्राटी मालक झालं की खाजगी मालकाला कोण काय सांगणार? 2023 च्या सप्टेंबरात बाहेरच्या कंपन्यांमार्फत सरकारी पदं भरायचा आदेश निघाला होता, ओरड झाल्यावर ऑक्टोबरात मागे घेतला. तीच गोष्ट गुंतवणुकीची. 2025 च्या जानेवारीत दावोसला महाराष्ट्राने 15 लाख कोटींच्या वर करार केले. त्यातलं डेटा सेंटर, ऊर्जा, पोलाद बाजूला काढा आणि कोटीमागे नोकऱ्या किती ते विचारा. डेटा सेंटरला हजारो कोटी लागतात आणि आत माणसं मोजकीच. रोजगाराचं अनुदान द्यायचंच तर कोटींवर नको, वर्षभर पटावर टिकलेल्या माणसावर द्या.

भोसरीचा प्रेसवाला

हे पटलं. वर्षभर टिकवलेल्या माणसामागे पीएफचा माझा हिस्सा सरकारने भरला तर मी पाच जण उद्या घेतो. बावटेसाहेबांचं मंडळ मात्र नको, आणखी एक इन्स्पेक्टर आणि आणखी एक पाकीट. आणि नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या कामगाराला पर्मनंटच्या बरोबरीचा पगार आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. त्याबद्दल कुणीच बोलत नाही. कॉन्ट्रॅक्टर मधून काढा, सरळ माझ्या नावावर दोन वर्षांचा करार. सेटर, याला तुमची ना आहे?

सेटर_चाकण

दोन वर्षांचा असेल तर ना नाही. पत्रावर 'सेटर' लिहा, करार संपल्यावर तुमच्या लेटरहेडवर काय काय मशीन चालवली ते द्या, मी हजारासाठी जाणार नाही. पण ग्रॅच्युइटी एका वर्षानंतर ना? आमच्या कॉन्ट्रॅक्टरने गेल्या आठवड्यात नव्या करारावर सह्या घेतल्या. मुदत अकरा महिने.

नाना_पिंपरी

मराठीत होता का करार?

सेटर_चाकण

इंग्रजीत. सही कुठे करायची तेवढं पेन्सिलने दाखवलं होतं.