मेंब्रेनमधून मीठ यायला लागलं, चूक कुठे झाली?

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. बडोद्यात राहतो. रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये जन्म गेला, आता रिटायर. भाचीच्या डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही मामा-भाचीने घरी मेंब्रेन डिस्टिलेशनचा सेट मांडलाय. मधोमध तळहाताएवढा टेफ्लॉनचा पांढरा पापुद्रा, छिद्रं 0.2 मायक्रॉनची. एका बाजूने लिटरला 35 ग्रॅम मीठ घातलेलं 60 अंशांचं पाणी फिरतं, दुसऱ्या बाजूने गार डिस्टिल्ड. गरम बाजूची वाफ तेवढी छिद्रांतून पलीकडे जाऊन पाणी होते, मीठ मागे राहतं.

पहिले दोन दिवस टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) गार बाजूला 6-7 दाखवत होतं. भाचीने ते पाणी शेजारच्या काकूंना चाखायलासुद्धा दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी 40, रात्री 400! पापुद्रा उजेडात धरला, भोक कुठेच नाही. पंपाचा दाबही तोच. मध्ये फक्त गरम पाण्याची टाकी चिकट झाली होती म्हणून भांड्यांच्या लिक्विडने धुतली, बाकी कशाला हात लावलेला नाही. विक्रेत्याने खराब माल दिला असेल का?

मीठभाकर
काका, विक्रेत्याला सोडा, ते लिक्विड पकडा.

टेफ्लॉन पाणी अडवतो म्हणजे जाळीसारखा अडवत नाही. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आखडून धरायची ओढ, 72 मिलिन्यूटन प्रति मीटर, म्हणून ते छिद्राच्या तोंडाशी फुगून थांबतं, आत शिरत नाही. तुमच्या 0.2 मायक्रॉनच्या छिद्रात साधं पाणी घुसवायचं तर कागदावर चार-पाच बार दाब लागतो, तुमचा पंप त्याच्या आसपासही जात नाही. साबणाने पृष्ठताण 30 च्या घरात येतो, वर साबणाचे रेणू टेफ्लॉनला चिकटून बसतात. मग पाणी बिनदाबाचं आत. एकदा छिद्र भरलं की वाफेची वाट संपली, खारं पाणी सरळ पलीकडे. याला वेटिंग (wetting, छिद्रं ओली होणं) म्हणतात. या तंत्राचं जुनं दुखणं आहे.

टाकी कितीदा विसळली होती?

दांडियाबाजारकर
एकदा. तीही घाईत. लाज वाटते सांगायला, लॅबमध्ये पोरांना तीनदा विसळायला लावायचो.

पादऱ्याची_केळी
आम्ही शेतकरी हे रोज बघतो. केळीच्या पानावर नुसतं औषध मारलं तर थेंब घरंगळून खाली जातात, म्हणून फवारणीच्या पंपात स्टिकर (औषध पानावर पसरवून धरणारं साबणासारखं द्रव) टाकतो, मग पान ओलं होतं. काका, खंडेराव मार्केटमधून अळू आणा, एका पानावर साधं पाणी टाका, दुसऱ्यावर साबणाचं. अळवावरचं पाणी कसं टिकतं ते कळेल.

एक विचारू? बोअरच्या पाण्यासाठी हे घरी लावता येईल?

मीठभाकर
नका लावू. समुद्राच्या पाण्याचा आरओ घनमीटरला 3-4 युनिट विजेत भागतो. इथे पाण्याची वाफ करायची, उष्णता परत वापरली नाही तर घनमीटरला 600 युनिटच्या वर जाते. फुकट उष्णता असेल, कारखान्याची किंवा उन्हाची, तरच जमतं. किंवा आरओने टाकलेलं अतिखारं पाणी असेल तर. तिथे आरओला दाब वाढवत न्यावा लागतो, वाफेला मात्र मिठाचा फारसा फरक पडत नाही.

कारखान्याच्या सांडपाण्यात साबण, तेल असतंच, म्हणून पाणी आणि तेल दोन्ही झटकणारे पापुद्रे करतायत. सिलिकाचे बारीक कण बसवून त्यावर फ्लोरिनचा लेप. कणांच्या पोटाखाली खाच राहते आणि पृष्ठताण कमी असलेला द्रवसुद्धा तिथे अडतो. पण तो फ्लोरिनचा लेप निसर्गात वर्षानुवर्षं मोडत नाही, त्यामुळे मला अजून ते मनापासून पटलेलं नाही. नुसत्या तेलासाठी वर पाणी धरणारा पातळ थर दिला तरी चालतं, तेल त्याला चिकटत नाही. साबणापुढे मात्र त्या थराचा उपयोग नाही.

दांडियाबाजारकर
अळू आणलं. साध्या पाण्याचा थेंब मोत्यासारखा पळाला, लिक्विडचं पाणी पानभर पसरलं. भाचीने व्हिडिओ काढला, प्रोजेक्टमध्ये घालणार म्हणते. साबणाचं पान सोडून बाकीच्या अळूचं फदफदं झालं.

टाकी पाच वेळा विसळून नवा तुकडा लावला: दिवसभर 6. जुना तुकडा कोमट डिस्टिल्डने धुऊन दोन दिवस वाळवून पुन्हा लावून पाहिला, सकाळी 30, संध्याकाळी 200. तो टाकून दिला. विक्रेत्याला फोन करायचा राहिला होता, बरं झालं.